मयताच्या वतीने

‘आयोग’ हा शब्द आमच्या मोहल्ल्यात आला तो १९९३च्या जानेवारीअखेर. त्याआधीच्या दोन महिन्यांत बायकापोरांच्याही तोंडी बसलेले शब्द वेगळे होते – कर्फ्यू, धरपकड, रिलीफ, पंचनामा, पोस्टमॉर्टेम. २५ जानेवारीला राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा चौकशी आयोग नेमला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ अशा दोन खेपांच्या दंगलींत काय घडले, का घडले, कोण जबाबदार आणि पोलिसांनी काय केले किंवा केले नाही, हे त्यांनी शोधायचे होते. ज्यांना काही सांगायचे आहे त्यांनी प्रतिज्ञापत्रावर सांगावे, असे वर्तमानपत्रांत आले. ज्यांच्या घरातले माणूस गेले होते त्यांच्याकडे त्या आठवड्यात वर्तमानपत्र येत नव्हते.

जमातखान्यात आम्ही ती बातमी वाचून दाखवली तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘‘सज़ा कब होगी?’’ आयोग सजा देत नाही, आयोग फक्त शोधतो आणि सरकारला सांगतो, हे समजावायला आम्हांला पुढची पाच वर्षे लागली आणि तरी ते काहींना पटले नाही. मूळचे भिवंडीचे एक चाचा तिथे होते. त्यांनी १९७० पाहिले होते. त्या वर्षीच्या भिवंडी, जळगाव, महाडच्या दंगलींवर न्यायमूर्ती मादन यांचा आयोग बसला होता. चाचा म्हणाले, ‘‘बहुत अच्छी रिपोर्ट लिखी थी जजसाब ने.’’ मग पुढे काय झाले, असे एका पोराने विचारले. चाचांनी फक्त हात झटकले आणि वुजूला उठले.

आम्ही म्हणजे चार-पाच जण. उर्दू शाळेत मराठी शिकवणारे एक मास्तर, महापालिकेतला एक कारकून, एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षातला एक पोरगा, शिवणकाम करणारी पण अर्ज उत्तम लिहिणारी एक आपा, आणि संध्याकाळी सुटल्यावर येणारा एक टायपिस्ट. तिघे कोकणातले, दोघे सोलापूरकडचे. आमच्यात वकील कुणीच नव्हते. पण आम्हांला मराठी वाचता येत होते, आणि त्या दिवसांत मोहल्ल्यात याहून मोठी सनद नव्हती. एरवी समाजातच आम्हांला ‘मराठीवाले’ म्हणून जरा बाजूला काढले जाई. उर्दूच्या मजलिसीत आम्ही मागच्या रांगेत, आणि मराठीच्या संमेलनात तर आम्ही पाहुणेच. त्या वर्षी मात्र आझमगढच्या, बस्तीच्या, दरभंग्याच्या माणसांनी रुमालात गुंडाळलेले कागद आमच्यापुढे सोडले. कारण फिर्याद मराठीत होती, पंचनामा मराठीत होता, प्रेत ताब्यात दिल्याची पावतीही मराठीत होती.

त्या कागदांची भाषा ज्यांनी वाचली आहे त्यांना फोड करून सांगायला नको. ‘नमूद वेळी व ठिकाणी बेकायदेशीर जमाव जमून दगडफेक करीत असता, पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ केलेल्या गोळीबारात इसम नामे अमुक हा जखमी होऊन मयत झाला.’ एका बापाला आम्ही हे वाक्य हिंदीत सांगितले. त्याचा सोळा वर्षांचा मुलगा कर्फ्यू सुटल्याचे ऐकून दूध आणायला गेला होता. बाप बराच वेळ गप्प बसला. मग त्याने त्या कागदाच्या तळाशी असलेल्या आपल्याच अंगठ्याकडे बोट दाखवले. तो अंगठा त्याने मय्यत ताब्यात मिळावी म्हणून उठवला होता. कागदावर मात्र त्या अंगठ्याने, आपला मुलगा दंगेखोर होता, हे कबूल केले होते.

मयताच्या घरच्यांना चौकशीत वकील कशाला हवा, असे पुष्कळ शहाण्या लोकांनी आम्हांला तेव्हा विचारले. जज आहेत ना, ते बघतील. त्यांना आम्ही हा कागद दाखवत असू.

आमच्यातल्या एलएल.बी.च्या पोराने १९५२चा चौकशी आयोग कायदा फोर्टातून विकत आणला होता. छोटी पिवळी पुस्तिका. रात्री टायपिस्टाच्या घरी बसून आम्ही ती कलमाकलमाने वाचली. त्यात १९७१ साली घातलेली दोन कलमे आहेत, ८-ब आणि ८-क. चौकशीमुळे ज्याच्या नावलौकिकाला बाधा येईल असे आयोगाला वाटते, त्याला बाजू मांडण्याची वाजवी संधी द्यावी, असे ८-ब सांगते. ८-क म्हणते की, सरकारला आणि अशा बाधा येणाऱ्या माणसाला साक्षीदाराची उलटतपासणी घेता येईल, आयोगापुढे बोलता येईल, वकील देता येईल. आणि बाकी कुणी? ज्याची साक्ष आयोगाने नोंदवली आहे अशा इतर माणसालाही हे सारे करता येईल, पण आयोगाच्या परवानगीने.

हे कलम आम्ही त्या रात्री तीनदा वाचले. ज्याच्या अब्रूला धक्का लागेल त्याला वकिलाचा हक्क. ज्याचा माणूसच गेला त्याने परवानगी मागायची. कायदा करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसावे. ज्याच्यावर ठपका येणार त्याचे ऐकून घ्यावे, हा न्यायाचा जुना दंडक आहे आणि तो मोडावा असे आम्हीही म्हणणार नाही. पण मयताचीही अब्रू असते, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. ‘बेकायदेशीर जमावातला इसम’ असे ज्याच्याबद्दल सरकारी कागदावर लिहिले गेले, त्याच्या नावलौकिकाला याहून जास्त बाधा ती काय यायची? तो जिवंत असता तर ८-बखाली नोटिशीची वाट पाहत बसला असता. तो कब्रस्तानात होता.

परवानगी मिळाली, हे इथे सांगायलाच हवे. आयोगाने दार बंद ठेवले नाही. समाजाच्या काही संघटना, डावे पक्ष, नागरी हक्कांसाठी झगडणारे गट यांनी आपापले वकील उभे केले. मिली कौन्सिलच्या वतीने युसूफ मुछाला वर्षानुवर्षे उभे राहिले. त्याच काळात न्यायमूर्ती दाऊद आणि न्यायमूर्ती सुरेश या दोन निवृत्त न्यायाधीशांनी लोकांच्या वतीने स्वतंत्र चौकशी करून १९९३मध्येच अहवाल दिला, त्याचाही धीर वाटला. पण संघटनेचा वकील आणि एका घराचा वकील यांत फरक असतो. मोठ्या वकिलांना साऱ्या शहराचे चित्र उभे करायचे असते. कोणत्या ठाण्याच्या हद्दीत किती गोळ्या झाडल्या, कुणाच्या हुकमाने, बिनतारी यंत्रावर काय निरोप गेले. सोळा वर्षांच्या पोराची आई त्या चित्रात एक पान असते. ते पान नीट लिहिलेले असले तरच वकिलाला त्याचा उपयोग. ते लिहिण्याचे काम आमच्या वाट्याला आले.

प्रतिज्ञापत्र लिहिणे म्हणजे नुसते सांगितलेले उतरवणे नव्हे, हे आम्ही कामातच शिकलो. घरचे लोक सुरुवात करत ती मुलाच्या जन्मापासून. किती मन्नतीनंतर झाला, कुठल्या मदरशात होता, ईदला कोणता कुर्ता शिवला होता. वकील म्हणत, एवढे नको. तारीख, वेळ, जागा, कोण दिसले, किती अंतरावरून, एवढेच द्या. आम्ही मध्ये बसलेलो. आपा सगळे ऐकून घेई आणि सगळे लिहून घेई. मग रात्री त्यातून आम्ही दीड पान काढत असू. उरलेल्या पानांचे काय करायचे हा प्रश्न होता, कारण ती फाडवत नव्हती. ‘शहीद’ शब्दावरून तर वाद होई. घरच्यांना शहीद लिहायचे असे. वकील म्हणत, मयत लिहा, शहीद लिहिले की समोरचा वकील तेवढेच धरून बसेल. एका मौलवीसाहेबांनी यातून वाट काढली. ते म्हणाले, शहादत म्हणजे साक्षसुद्धा. तुम्ही गवाही देताय, ती तुमची शहादत. त्याचा मर्तबा अल्लाह ठरवील, टायपिस्टने ठरवायची गरज नाही. टायपिस्ट खूश झाला.

मग पुरावे जमवणे आले. पोस्टमॉर्टेमची नक्कल मिळवायला एका बापाबरोबर आम्ही एका इस्पितळात सात खेपा केल्या. गोळी कुठून शिरली आणि कुठून निघाली, एवढी एक ओळ हवी होती. ती मिळाली: पाठीतून शिरली होती. दगडफेक करणारा माणूस पोलिसांकडे पाठ करून दगड मारतो का, हा प्रश्न मग वकिलाला विचारता येतो. नक्कल नसेल तर तोच प्रश्न नुसता आक्रोश ठरतो. पोलीस गोळीबारात ३५६ माणसे मेली, असे पुढे आयोगाने नोंदवले. त्या ३५६मध्ये ही एक ओळ किती घरांकडे होती, असे आमच्या मनात अजूनही येते.

भीती हा दुसरा विषय. १२ मार्च १९९३ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसे गेली. त्यांतही सगळ्या धर्मांची होती, मुसलमानही होते. त्यानंतर टाडाखाली धरपकड सुरू झाली, आणि ज्या घरांनी फेब्रुवारीत प्रतिज्ञापत्राला होकार दिला होता त्यांनी एप्रिलमध्ये दार उघडले नाही. नाव-पत्ता लिहून सरकारला द्यायचा म्हणजे उरलेल्या मुलालाही देऊन टाकायचे, असे एक खाला म्हणाली. तिला आम्ही कलम ६ समजावले: आयोगापुढे दिलेला जबाब तुमच्याविरुद्ध कोणत्याही दिवाणी वा फौजदारी खटल्यात वापरता येत नाही, खोटी साक्ष दिली तरच. खालाने विचारले, ‘‘ये बात थाने में मालूम है?’’

तिचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. वडाळ्याच्या हरी मशिदीत १० जानेवारी १९९३ला पोलिसांनी गोळीबार केला. त्यात ज्याच्या खांद्यात गोळी घुसली त्या, बँकेत शिपाई असलेल्या कोकणी माणसावरच दंगलीचा गुन्हा दाखल झाला. तो त्यातून निर्दोष सुटला २००९ साली, सोळा वर्षांनी. म्हणजे एकाच माणसाला दोन वकील हवेत: एक आयोगापुढे तक्रार सांगायला, दुसरा कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्यातून सुटायला. मयताच्या भावाची, बापाचीही हीच गत. दिवसाची मजुरी बुडवून आज तारखेला जायचे, उद्या आयोगाला. कोर्टात खाली मान घालायची आणि आयोगापुढे मान वर करून बोलायचे.

साक्षीच्या दिवशी बरोबर जाणे, हे आमचे सर्वांत साधे आणि सर्वांत उपयोगाचे काम ठरले. लोकल कुठली, कुठे उतरायचे, आत मोबदला द्यावा लागत नाही, काळ्या कोटातला प्रत्येक जण आपला नाही आणि प्रत्येक जण दुश्मनही नाही, हे वाटेत सांगायचे. पाण्याची बाटली, रुमाल, डबा. उलटतपासणीत काय होते याची तयारी आम्ही घरीच करून घेत असू. मास्तर समोरचे वकील व्हायचे आणि इतके छान व्हायचे की एका बाईने त्यांना पुढे आठवडाभर सलाम केला नाही. त्या बाईला खरोखरच विचारले गेले, ‘‘तुम्ही मुलाला पाहिले तेव्हा तो किती अंतरावर होता?’’ ती म्हणाली, ‘‘जितनी दूर से उसको खाने के लिए आवाज़ देती थी, उतना.’’ मीटरमध्ये सांगा, असे पुन्हा विचारण्यात आले. तिच्या बाजूचा वकील उठला आणि त्याने चाळीचा नकाशा पुढे केला. त्यावर खिडकीपासून नळापर्यंतचे अंतर आम्ही आधीच मोजून लिहिले होते. वकील नसता तर ती मीटर शोधत राहिली असती, आणि नोंद झाली असती की साक्षीदाराला अंतर सांगता आले नाही.

इद्दतीचाही प्रश्न होता. बेवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. जानेवारीत बेवा झालेल्या बाया मे महिन्यापर्यंत घरात. प्रतिज्ञापत्रासाठी बाहेर पडावे की नाही यावर घराघरांत कुजबुज झाली. सासऱ्यांनी, दिरांनी आडकाठी घातली. गरजेसाठी दिवसा बाहेर पडता येते असे आलिमांनी सांगितले, तेव्हा काही निघाल्या. काही ठिकाणी नोटरीलाच वर माळ्यावर न्यावे लागले. त्याने जिन्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, याची नोंद असावी.

पण ज्यांचे माणूस मेले की जगले हेच कळले नाही, त्यांची इद्दत कधी सुरू व्हायची? मय्यत नाही, कबर नाही, मृत्यूचा दाखला नाही. आपल्या फिकहमध्ये अशा माणसाला मफकूद म्हणतात. १९३९च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने, नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल तर बायकोला फस्ख मागायची मुभा दिली आहे. तो मालिकी मत घेऊन केलेला कायदा. पुराव्याच्या कायद्यात सात वर्षे ऐकू न आलेला माणूस मेला असे धरता येते. म्हणजे बायको म्हणून चार वर्षे, वारस म्हणून सात वर्षे, आणि भरपाईच्या अर्जात तर आजच लिहायचे – विवाहित की विधवा. एका बाईने आपाला सांगितले, दोन्हींवर खूण कर. दोन्हींवर खूण केलेला अर्ज खिडकीवरून परत आला. बेपत्ता माणसांच्या घरच्यांना खरा वकील हवा होता तो इथे. आयोगापुढे नव्हे, खिडकीपुढे. तो कुणी दिला नाही. सगळ्यांचे लक्ष सुनावणीकडे होते. आमचेही बरेचसे तिकडेच.

दंगलीत गेलेल्यांत हिंदूही होते, आयोगाच्या आकड्यांप्रमाणे २७५. सुऱ्याने भोसकलेल्या माथाडी कामगारांच्या घरच्यांचीही कागदांपुढे तीच दैना होती, एवढेच की त्यांना त्या कागदातले मराठी कळत होते. शेजारच्या वाडीतल्या एका मावशी आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला आल्या. त्यांच्या पक्षाने सुनावणीला मोठे वकील दिले होते, पण ते पक्षाचे वकील होते. मावशींच्या भाच्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर वडिलांचे नाव चुकले होते, त्याची दुरुस्ती त्यांच्या कामात बसत नव्हती. आपाने ती करून दिली. मावशींनी संक्रांतीला तिळगूळ पाठवला, तो आम्ही वाटून खाल्ला.

२३ जानेवारी १९९६ला युती सरकारने आयोगच गुंडाळला. फार वेळ लागला, आता जुन्या जखमा उकरण्यात अर्थ नाही, अशी कारणे दिली गेली. ज्यांची साक्ष व्हायची होती ते आमच्या दारात उभे. आम्ही काय सांगणार? चार महिन्यांनी, २८ मे १९९६ला, केंद्रातल्या वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारच्या सांगण्यावरून आयोग पुन्हा जिवंत झाला आणि मार्चच्या स्फोटांचाही त्याच्या कक्षेत समावेश झाला. मधल्या चार महिन्यांत काही घरे गावी परत गेली होती. पुन्हा पत्ते काढा, पुन्हा पत्रे लिहा, पुन्हा तीच जखम उघडायला सांगा. काहींनी नाही म्हटले. त्यांना दोष द्यायची आमची छाती नाही.

एकूण २,१२६ प्रतिज्ञापत्रे आणि ५०२ साक्षीदार झाल्यावर १६ फेब्रुवारी १९९८ला अहवाल सरकारला गेला. अहवाल सहा महिन्यांच्या आत विधिमंडळापुढे ठेवावा असा कायदा आहे. तो ठेवला गेला ६ ऑगस्टला, मुदत संपायला दहा दिवस असताना, आणि त्याचबरोबर सरकारने तो नाकारला. ३१ पोलिसांवर ठपका होता. मेलेल्यांचा आकडा ९००: त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ जणांची ओळख पटली नाही, ५ इतर.

अहवाल इंग्रजीत होता. दुसऱ्या खंडात तो पोलीस ठाण्यागणिक मांडलेला आहे, म्हणून आपल्या हद्दीची पाने काढून आम्ही जमातखान्यात तोंडी भाषांतर करून वाचली. लोक शेवटपर्यंत बसले. न्यायमूर्तींनी काही लपवले नव्हते, आणि सरकारी शिक्क्याच्या कागदावर आपले म्हणणे खरे ठरलेले त्या माणसांनी आयुष्यात प्रथमच ऐकले. वाचन संपल्यावर सोळा वर्षांच्या त्या पोराचा बाप पुढे आला आणि म्हणाला, ‘‘इसमें उसका नाम किधर है?’’ नाव नव्हते. तो आकड्यात होता. आम्ही आकड्यावर बोट ठेवून दाखवले, तेव्हा त्याने त्या जागी स्वतःचे बोट ठेवले. मग त्याने विचारले, आता पुढचे कागद कुठले?

पुढचे कागद फौजदारी कोर्टाचे होते. तिथे मयताच्या वतीने सरकार लढते, आणि इथे सरकारनेच अहवाल नाकारलेला. २०००मध्ये नव्या सरकारने विशेष कृती दल नेमले. सुलेमान उस्मान बेकरीतल्या ९ जानेवारी १९९३च्या गोळीबाराबद्दल तेव्हाचे सहपोलीस आयुक्त आणि पुढे आयुक्त झालेले रा. दे. त्यागी यांच्यासह पोलिसांवर आरोपपत्र झाले. २००३ साली सत्र न्यायालयाने त्यागी आणि आणखी काही जणांना आरोपमुक्त केले. सरकार वर गेले नाही. गेला तो त्या गोळीबारातून वाचलेला मदरशाचा एक मुदर्रिस. २०११ला सर्वोच्च न्यायालयातही तो हरला. हरी मशिदीचा तपास उच्च न्यायालयाने २००८मध्ये सीबीआयकडे दिला, तोही त्याच बँकेच्या शिपायाने पाठपुरावा केला म्हणून. सीबीआयने पुढे प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. सगळीकडे तेच. जिथे वकील टिकला तिथे निदान निकाल तरी आला. स्फोटांच्या खटल्यात सरकार संपूर्ण ताकदीने उतरले आणि २००६-०७मध्ये १०० आरोपी दोषी ठरले. त्या २५७ घरांना ते मिळायलाच हवे होते. दंगलीतल्या ९०० घरांना सरकारी वकिलाची तेवढीच ताकद मिळाली असती तर, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आमच्यातला एलएल.बी.चा पोरगा आता केस पिकलेला वकील आहे. त्याने आम्हांला इंग्लंडमधल्या हिल्सबरोची गोष्ट सांगितली. १५ एप्रिल १९८९ला फुटबॉलच्या मैदानात चेंगराचेंगरी होऊन ९७ माणसे गेली, शेवटचा बरीच वर्षे अंथरुणावर राहून. पोलिसांनी प्रेक्षकांनाच दारुडे, दंगेखोर ठरवले. पहिल्या मृत्युचौकशीत पोलिसांकडे वकिलांची फौज होती आणि घरच्यांनी आपसात वर्गणी काढून एक वकील केला होता. दुसऱ्या चौकशीत घरच्यांच्या वकिलांचा खर्च सरकारने उचलला, आणि २०१६मध्ये ज्यूरीने सांगितले की हे लोक बेकायदेशीरपणे मारले गेले, प्रेक्षकांचा काही दोष नव्हता. बिशप जेम्स जोन्स यांनी २०१७च्या अहवालात लिहिले की, सरकारी खात्याला जेवढी वकिली मदत मिळते त्या तोडीची मयताच्या घरच्यांनाही मिळावी. गोरे, इंग्रजी बोलणारे, स्वतःच्या देशातले लोक, आणि त्यांनाही सत्तावीस वर्षे लागली! ऐकून आपा म्हणाली, म्हणजे पंचनामा तिथेही तसाच लिहितात.

आपल्याकडेही कायदा आहे. १९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदा. सामूहिक आपत्ती, वांशिक हिंसाचार, जातीय अत्याचार यांना बळी पडलेल्याला त्याच्या १२व्या कलमाने फुकट वकील मिळतो. फक्त तो अंमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ला. आमची बहुतेक प्रतिज्ञापत्रे त्याआधीच टाइप होऊन गेली होती.

मग ४ नोव्हेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, शकील अहमद यांच्या २००१ सालच्या याचिकेवर. ९०० मयतांच्या आणि ६० बेपत्तांच्या वारसांना प्रत्येकी दोन लाख दिल्याचे राज्य सरकारने सांगितले होते. बेपत्ता होते १६८. उरलेल्या १०८ जणांचे वारस शोधून काढा, त्यांना दोन लाख आणि जानेवारी १९९९पासून नऊ टक्के व्याज द्या, असे न्यायालयाने फर्मावले. साध्या व्याजाने धरले तरी ते मुद्दलाच्या दुपटीहून अधिक होते. देखरेखीसाठी समिती नेमली, आणि तिच्या प्रमुखपदी राज्य विधी सेवा प्राधिकरणाचे सदस्य सचिव. धूळ खात पडलेल्या ९७ खटल्यांतले आरोपी शोधायलाही सांगितले. तीस वर्षांनी का होईना, मयताच्या घरच्यांना कायद्याची मदत देणे हे कुणाचे तरी काम ठरले.

निकाल वाचून आम्ही पुन्हा जमलो. टायपिस्ट राहिला नाही, अल्लाह त्याला जन्नत नसीब करो. मास्तरांना दिसत नाही. आपाच्या माळ्यावर जुन्या फायली होत्या, त्या फाडवल्या नव्हत्या म्हणून बऱ्या. पत्ते मात्र सगळे मेलेले. चाळींच्या जागी टॉवर, झोपडपट्टीच्या जागी रस्ता. दंगलीनंतर निम्मा मोहल्ला मुंब्र्याला गेला होता, म्हणून शोधही मुंब्र्यातच सुरू केला. मशिदीत जुम्म्याला ऐलान केले, दूधवाल्यांना विचारले, शादीच्या दावतींत विचारले.

दोन्ही खुणा करणारी ती बाई सापडली. साठी ओलांडलेली, मुलगी आणि जावयाकडे राहते. तिने पुन्हा निकाह केला नाही. कागद तिने जपले होते, पण पोलिसांतल्या बेपत्ताच्या नोंदीत तिच्या नावापुढे ‘बी’ आहे, जुन्या शिधापत्रिकेवर ‘खातून’, आणि आधार कार्डावर ‘बानो’. या तीन बाया वेगळ्या नाहीत, हे आधी सिद्ध करावे लागणार होते. त्याकरता आम्ही तिचे प्रतिज्ञापत्र तयार केले: वरील तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे. जावयाने संगणकावर टाइप केले. नोटरीकडे निघण्याआधी आपाने ते हिंदीत वाचून दाखवले. सगळे ऐकून झाल्यावर तिने विचारले, ‘‘उनका नाम तो ठीक लिखा है ना?’’

आम्ही पुन्हा पाहिले. बरोबर होते.